परदेशचा संगणक आणि घरचा पडदा

संगणक म्हटला म्हणजे त्याचा पडदा त्याच्याबरोबरच यावयाचा, अशी आज सर्वांची समजूत आहे. परंतु १९७७ पासून पुढें दहा-बारा वर्षें जे संगणक सामान्य कुटुंबांसाठीं म्हणून तयार झाले, त्यांपैकीं पुष्कळांना स्वतःचा पडदा नव्हता. पडदा ही त्या काळीं महागाची वस्तु होती. ती वेगळी विकत घ्यावयास लावली असती, तर संगणक घरोघर पोंचलाच नसता. उलट, दूरचित्रवाणीचा संच अनेक घरांत आधींच येऊन बसलेला होता. तेव्हां संगणकानें आपलें चित्र त्या संचावरच उमटवावें, अशी युक्ति कारखानदारांनीं योजिली. ब्रिटनमध्यें १९८२ सालीं 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक अवघ्या १२५ पौंडांपासून मिळूं लागला, त्यांत या युक्तीचाही वांटा होता.

या सोयीची किंमत मात्र निराळ्या रीतीनें द्यावी लागली. संगणक संचाला जोडावयाचा, तर संचाला समजेल त्याच भाषेंत त्यानें बोललें पाहिजे. आणि दूरचित्रवाणीची भाषा सर्व जगांत एक नव्हती. अमेरिकेंत घेतलेला संगणक मुंबईच्या संचाला जोडला, तर चित्र वर-वर सरकत राही किंवा रंग नाहींसे होत. आज तेच जुने संगणक कपाटांतून पुन्हां बाहेर येत आहेत. त्यांच्याबरोबर कॅसेटींवर आणि तबकड्यांवर सांठविलेली पत्रें, हिशेब, मुलांचे पहिले धडे आणि खेळही येतात. बाजारांत रूपांतराच्या पेट्या मिळतात, आणि कोणतेंही चित्र कोणत्याही पडद्यावर दाखविण्याचें आश्वासन देतात. त्या घेऊन पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात. अशी पेटी काय बदलूं शकते आणि काय बदलूं शकत नाहीं, हें आधीं समजून घेणें म्हणून अगत्याचें आहे.

प्रथम चित्र कसें उमटतें तें पाहावें. काचेच्या नळीच्या जुन्या संचांत विद्युत्कणांचा एक बारीक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ ओढीत जातो आणि अशा ओळी वरून खालपर्यंत ओढून चित्र पुरें करतो. झोत एका खेपेंत सर्व ओळी ओढीत नाहीं. पहिल्या खेपेस एक आड एक ओळी, आणि दुसऱ्या खेपेस मधल्या राहिलेल्या ओळी, अशीं दोन अर्धचित्रें मिळून एक पूर्ण चित्र होतें. अमेरिकेनें १९४१ सालीं जी पद्धति स्वीकारली तींत पूर्ण चित्राच्या ओळी ५२५ आणि दर सेकंदास अर्धचित्रें ६०. युरोपांतील बहुतेक देशांत पुढें जी पद्धति रूढ झाली तींत ओळी ६२५ आणि अर्धचित्रें ५०. भारतानें ही दुसरी पद्धति घेतली. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रायोगिक प्रक्षेपणास आरंभ झाला आणि मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें.

हे ५० आणि ६० चे आंकडे कोणाच्या लहरीनें ठरले नाहींत. अमेरिकेंत घरगुती विजेचा प्रवाह सेकंदास ६० आवर्तनें करतो. युरोपांत आणि भारतांत ५०. आरंभींच्या संचांत विजेच्या प्रवाहाची गुणगुण चित्रांत शिरे. अर्धचित्रांची संख्या आणि प्रवाहाचीं आवर्तनें जुळलीं, म्हणजे ती गुणगुण एका जागीं स्थिर राही आणि फारशी जाणवत नसे. न जुळलीं, तर चित्रावरून पट्टे सरकत जात. पुढें संच सुधारले आणि हें बंधन सैल झालें. जपानच्या पूर्व भागांत वीज ५० आवर्तनांची व पश्चिम भागांत ६० आवर्तनांची आहे. तरी तेथील दूरचित्रवाणीनें सर्व देशांत ६० अर्धचित्रांचीच पद्धति चालविली. पण एकदां पडलेली विभागणी बहुतेक जगांत तशीच राहिली.

येथें एक सोयीचा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अमेरिकन पद्धतींत चित्रें थोड्या ओळींचीं पण अधिक वेळां, तर युरोपीय पद्धतींत अधिक ओळींचीं पण कमी वेळां. परिणामीं एका सेकंदांत ओढल्या जाणाऱ्या एकूण ओळी जवळजवळ सारख्याच येतात: अमेरिकेंत मुळांत १५,७५०, आणि युरोपांत १५,६२५. हा फरक शेंकडा एकाहूनही कमी आहे. ओळी ओढण्याच्या कामांत दोन्हींकडचे संच त्यामुळें एकमेकांचे शेजारी शोभतात. तंटा होतो तो वरून खालीं येण्याच्या गतीवरून आणि रंगावरून.

रंगाची कथा थोडी अवघड आहे. काळ्या-पांढऱ्या चित्राचे लाखों संच लोकांच्या घरीं असतां रंगीत चित्र आणावयाचें होतें, आणि जुने संच निरुपयोगी होऊं द्यावयाचे नव्हते. अमेरिकेनें १९५३ सालीं मान्य केलेल्या 'एनटीएससी' पद्धतीनें मूळच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरच रंगाची एक वेगळी लहर चढविली. तिचीं आवर्तनें सेकंदास ३५,७९,५४५. ही लहर ध्वनीच्या लहरीशीं भांडूं नये म्हणून अर्धचित्रांची संख्याही ६० वरून किंचित् खालीं, ५९.९४ वर आणावी लागली. रंग कोणता, हें त्या लहरीच्या पुढें-मागें सरकण्यावर अवलंबून असे. वाटेंत लहर किंचित् सरकली, कीं गोऱ्या चेहऱ्यावर हिरवी छटा येई, आणि ती दुरुस्त करण्यास संचावर एक निराळी कळ ठेवावी लागे.

जर्मनींतील टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनीं १९६३ सालीं या दोषावर उपाय पुढें मांडला. त्यांच्या 'पाल' पद्धतींत रंगाचा एक घटक प्रत्येक एकाआड एक ओळींत उलटा करून पाठवितात. त्यामुळें एका ओळींतील चूक पुढच्या ओळींतील उलट चुकीनें फिटते आणि रंग फार तर जरा फिका पडतो, बदलत नाहीं. येथें रंगाच्या लहरीचीं आवर्तनें सुमारें ४४,३३,६१९. फ्रान्सनें आंरी द फ्रांस यांची 'सेकाम' ही तिसरीच पद्धति घेतली. तींत रंगाचे दोन घटक एकत्र न पाठवितां आळीपाळीनें एकेका ओळीबरोबर पाठवितात. भारतांत १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण आलें तें 'पाल' पद्धतीचें. ब्राझीलनें तर ५२५ ओळी अमेरिकेच्या आणि रंग 'पाल'चा, अशी मिश्र पद्धति पत्करली. यावरून ओळी-अर्धचित्रें ही एक बाब आणि रंग ही दुसरी, हें उघड होतें. रूपांतराचा विचार करतांना या दोन बाबी नेहमीं वेगळ्या ठेवाव्या.

आतां अमेरिकन संगणक भारतांतील जुन्या संचाला जोडल्यास काय होईल, तें सहज सांगतां येतें. ओळींची गति जवळची असल्यानें चित्र आडवें विसकटत नाहीं. ६० अर्धचित्रांशीं संचाचा मेळ न बसल्यामुळें तें वर-खालीं सरकतें. जुन्या संचांवर यासाठीं एक खुंटी असे, ती फिरविल्यास पुष्कळ वेळां चित्र स्थिर होई. तरीही रंग दिसत नाहींत, कारण संच ४४ लक्षांच्या लहरीची वाट पाहतो आणि संगणक ३५ लक्षांची पाठवितो. शिवाय ॲंटेनाच्या भोंकांतून जोडल्यास ध्वनीही हरवतो. चित्राच्या लहरीपासून ध्वनीची लहर अमेरिकेंत ४५ लक्ष आवर्तनांवर, भारतांत ५५ लक्षांवर आणि ब्रिटनमध्यें ६० लक्षांवर ठेवलेली होती. म्हणूनच ब्रिटनमधून आणलेला संगणक 'पाल' पद्धतीचाच असूनही येथील संचावर रंगीत पण मुका ठरूं शके. याच्या उलट, बैठकींतील संचाच्या ॲंटेनावर अवलंबून न राहतां वेगळ्या पडद्याला थेट जोडतां येणारे संगणकही होते. भारतांतील शाळांतून १९८४ सालीं 'क्लास' ही संगणक-साक्षरतेची योजना सुरू झाली, तींत वापरलेला 'बीबीसी मायक्रो' अशांपैकीं होता. लाल, हिरवा व निळा हे तीन रंग वेगळ्या तारांनीं देण्याची सोय त्यांत होती.

येथवरचा प्रश्न केवळ बाहेर पडणाऱ्या चित्राचा असता, तर एका चांगल्या पेटीनें तो सुटला असता. खरी अडचण संगणकाच्या अंतरंगांत आहे. खर्च वांचविण्यासाठीं या यंत्रांत बहुधा एकच स्फटिक ठेवीत, आणि त्याच्याच आंदोलनांतून रंगाची लहर आणि गणिताची गति दोन्ही काढीत. 'ॲपल टू' या १९७७ च्या संगणकाचा मुख्य स्फटिक सेकंदास सुमारें १,४३,१८,१८० आंदोलनें करतो. हें रंगाच्या अमेरिकन लहरीच्या बरोबर चौपट आहे. त्याचे रंगही चमत्कारिक रीतीनें निघत. यंत्र केवळ पांढरे ठिपके विशिष्ट अंतरानें टाकी, आणि त्या ठिपक्यांची लय रंगाच्या लहरीशीं जुळल्यामुळें संचाला तेथें रंग आहे असा भास होई. ही किमया 'पाल' संचावर चालेना. म्हणून १९७९ च्या युरोपीय प्रतींत वेगळें कार्ड बसविल्याशिवाय चित्र काळें-पांढरेंच राही. रंग यंत्रांत नव्हता. तो पद्धतींत होता.

दुसरें उदाहरण 'कॉमोडोर ६४' या १९८२ च्या अतिशय लोकप्रिय संगणकाचें. त्याची अमेरिकन प्रत सेकंदास १०,२२,७२७ ठोक्यांनीं चालते, तर 'पाल' प्रत ९,८५,२४८ ठोक्यांनीं. म्हणजे अमेरिकन प्रत जलद. परंतु एकेक चित्र काढण्यास मिळणारा अवकाश पाहिला, तर प्रकार उलटा आहे. 'पाल' यंत्रांत ३१२ ओळी आणि दर ओळीस ६३ ठोके, म्हणजे एका चित्रास १९,६५६ ठोके. अमेरिकन यंत्रांत २६३ ओळी आणि दर ओळीस ६५ ठोके, म्हणजे १७,०९५. युरोपांतील एखाद्या कुशल कार्यक्रमकारानें आपलें काम १९,००० ठोक्यांत नेमकें बसविलें असेल, तर अमेरिकन यंत्रावर तें काम संपण्याच्या आधींच पुढचें चित्र सुरू होतें आणि पडद्यावर गोंधळ उडतो. संगीताचेंही तसेंच. दर चित्रास एकदां पुढें सरकणारी चाल अमेरिकन यंत्रावर सुमारें एकपंचमांशानें जलद वाजते. शिवाय स्वर यंत्राच्या ठोक्यांवर अवलंबून असल्यामुळें तो ३.८ टक्के चढतो. कोमल आणि शुद्ध स्वरांतील अंतराच्या निम्म्याहून अधिक. उलट दिशेनेंही हानि आहेच. जपानांत ६० अर्धचित्रांच्या हिशेबानें बसविलेले अनेक व्हिडिओ खेळ युरोपीय यंत्रांवर तसेच उतरविल्यामुळें तेथें मंद चालत, आणि चित्राच्या वर-खालीं काळ्या पट्ट्या दिसत.

तात्पर्य, या संगणकांना दूरचित्रवाणीची पद्धति हा बाहेरून घातलेला सदरा नव्हता. ती त्यांची नाडी होती. पेटी सदरा बदलते. नाडी बदलत नाहीं.

पेट्यांचें काम तरी सोपें असतें असें नाहीं. या विद्येचा इतिहास संगणकांहून जुना आहे. २ जून १९५३ रोजीं राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक युरोपांत दाखविला गेला, तेव्हां ब्रिटनच्या ४०५ ओळी, फ्रान्सच्या ८१९ आणि जर्मनीच्या ६२५ अशी तऱ्हा होती. एका पद्धतीच्या पडद्यासमोर दुसऱ्या पद्धतीचा कॅमेरा ठेवून चित्र पुन्हां टिपणें, हाच त्या वेळचा उपाय. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचीं रंगीत चित्रें ब्रिटनमध्यें दाखविण्यासाठीं बीबीसीच्या अभियंत्यांनीं कॅमेऱ्याचें साहाय्य न घेतां चालणारें यंत्र वापरलें; त्यांत चित्राचे संकेत क्वार्ट्झच्या तुकड्यांतून ध्वनिलहरींच्या रूपानें पाठवून क्षणभर अडवून धरीत. पुढें संकेतांचे आंकडे करून ते स्मृतींत सांठविण्याची सोय झाली. एके काळीं कपाटाएवढीं असलेलीं हीं यंत्रें आज मुठींत मावतात. परंतु त्यांच्यापुढचें गणित मात्र तेंच आहे.

तें गणित असें. ओळी वाढविणें किंवा घटविणें फारसें कठीण नाहीं. दृश्य ओळी अमेरिकन पद्धतींत सुमारें ४८० आणि युरोपीय पद्धतींत ५७६. पांचांच्या सहा करावयाच्या. शेजारच्या दोन ओळींवरून मधली अजमावतां येते, आणि डोळा तें मान्य करतो. वेळेचें तसें नाहीं. सेकंदास ६० अर्धचित्रें येतात आणि ५० द्यावयाचीं आहेत. तेव्हां दहा टाकून द्यावीं, नाहीं तर दोन-दोन मिसळून एक करावें. टाकलीं तर हलणारी वस्तु धक्के खात चालते. मिसळलीं तर तिच्यामागें तिचीच फिकट छाया धांवते. सहा मात्रांच्या दादऱ्यांतील बोल पांच मात्रांत कोंबावे, तसा हा प्रकार आहे. ५० चे ६० करतांना उलट प्रत्येक पांचांमागें एक चित्र दोनदां दाखवावें लागतें, आणि एखादा खेळ सेकंदास दहा वेळां अडखळतो. बातम्यांच्या चित्रांत हें खपून जातें. पण पडदाभर सारख्या गतीनें सरकणारीं अक्षरें किंवा चित्रें असलेल्या संगणकाच्या कार्यक्रमांत तें तत्काळ डोळ्यांना खुपतें.

त्यांतून या जुन्या संगणकांची आणखी एक खोड आहे. खऱ्या प्रक्षेपणांत प्रत्येक अर्धचित्र तीनशें साडेबारा ओळींचें, म्हणजे ३१२ आणि वर अर्धी ओळ, अशा मापाचें असतें. त्या अर्ध्या ओळीमुळेंच दुसरें अर्धचित्र पहिल्याच्या मधोमध बसतें. संगणक मात्र ती अर्धी ओळ गाळून ३१२ च ओळी पाठवितो. त्यामुळें प्रत्येक खेप पहिल्याच ओळींवर पडते आणि अक्षरें थरथरत नाहींत. काचेच्या संचाला हें चालत असे. आजचे सपाट पडदे मात्र बहुधा यास नेहमींचें अर्धचित्र समजून दोन खेपा एकमेकींत गुंफतात. मग हलणाऱ्या आकृतीच्या कडा कंगव्याच्या दांत्यांसारख्या दिसतात, आणि खेळांत एकाआड एक चित्रांत लुकलुकणारी आकृति कधीं कधीं सर्वस्वीं नाहींशी होते. शिवाय चित्र सांठवून मग दाखवावयाचें, म्हणजे विलंब आला. एक अर्धचित्र म्हणजे २० सहस्रांश सेकंद. असें दोन-तीन अर्धचित्रांचें अंतर पडलें, कीं कळ दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा उशीर खेळणाऱ्यास जाणवतो.

मग गृहस्थानें करावें काय? पहिली गोष्ट, वेळ बदलण्याच्या भरीस शक्यतों पडूं नये. पडदा ५० आणि ६० दोन्ही स्वीकारीत असेल, तर संगणकाची मूळ गति तशीच ठेवून केवळ ओळी दुप्पट-तिप्पट करणारी पेटी घ्यावी. ती एकेक ओळ येतांच पुढें देते, त्यामुळें विलंब नगण्य असतो आणि एकही चित्र टाकलें जात नाहीं. अनेक स्वस्त पेट्या मात्र आंत ५० घेऊन बाहेर ६० च देतात. विकत घेण्यापूर्वीं हा एकच प्रश्न विचारला तरी बरीच फसगत टळते. दुसरें, रंग आणि उजेड एकाच तारेंतून आणण्याऐवजीं वेगळ्या तारांनीं आणतां येत असतील तर तसे आणावे. 'कॉमोडोर ६४' मध्यें अशी सोय आहे. जेथें लाल-हिरवा-निळा वेगवेगळे मिळतात, तेथें तर 'पाल' कीं 'एनटीएससी' हा रंगाचा तंटाच उरत नाहीं. तिसरें, संगणकाच्या जुन्या व्हीजीए पडद्याला नुसती तार बदलून जोडण्याचा खटाटोप करूं नये. तो पडदा सेकंदास सुमारें ३१,५०० ओळी मागतो, आणि हे संगणक त्याच्या निम्म्याच देतात.

ज्याला परदेशचे कार्यक्रम मूळ गतीनेंच चालवावयाचे आहेत, त्याला यंत्राची नाडीच बदलावी लागते. 'कॉमोडोर ६४' मध्यें चित्राची चीप आणि स्फटिक दोन्ही बदलून जाणकार लोक हें करतात. 'अमिगा' संगणकांच्या नंतरच्या प्रतींत तर ५० किंवा ६० निवडण्याची सोय मुळांतच होती. तेंही शक्य नसेल, तर आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम मिळतात. त्यांत पद्धति निवडतां येते.

विजेचीही सावधगिरी हवी. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचें. तें भारतांतील २३० व्होल्टच्या प्रवाहास थेट जोडल्यास जळून जाईल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, पण आवर्तनें ५० चीं ५० च राहतात. 'कॉमोडोर ६४' मध्यें वेळ मोजणारें एक अंतर्गत घड्याळ या आवर्तनांवर चालतें. साठांच्या हिशेबाला लावलेलें तें घड्याळ ५० आवर्तनांवर दर तासाला दहा मिनिटें मागें पडतें.

अमेरिकेंतील मोठ्या केंद्रांचें जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण १२ जून २००९ रोजीं बंद झालें, आणि ब्रिटनमधील २०१२ च्या ऑक्टोबरांत. 'पाल' आणि 'एनटीएससी' हीं नांवें आतां जुन्या यंत्रांपुरतीं उरलीं. परंतु ५० आणि ६० हे आंकडे नव्या पद्धतींतही टिकून आहेत. जुन्या यंत्राची ज्यांना आस्था आहे त्यांनीं त्याच्या पेटीवर तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: यंत्र कोणत्या देशासाठीं केलेलें, किती व्होल्टचें, आणि ५० चें कीं ६० चें. घरांत काचेच्या नळीचा चालू संच असेल, तर तो भंगारांत देण्यापूर्वीं हें यंत्र एकदां त्याला जोडून पाहावें. एका पद्धतीच्या जोडीला त्याच पद्धतीचा पडदा असला, म्हणजे कोणत्याच पेटीची गरज राहत नाहीं, आणि त्या काळच्या कार्यक्रमकारानें जें योजिलें तें त्याच्या मूळ लयींत पाहावयास मिळतें.